तरुणांना काय विचारले गेले? : व्यसनविषयक संशोधन आणि व्यसनविरोधी शिक्षणाचा इतिहास

1. प्रस्तावना

छत्तीसगडमधील भिलाई पोलाद कारखान्याच्या नगरवसाहतीत रुआबांधा नावाचा एक सेक्टर आहे. कारखान्याची क्वार्टर्स आणि त्यांना लागून असलेली बस्ती असा हा परिसर. 1955 साली भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात कारखान्याचा करार झाला. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कामासाठी देशाच्या सर्व भागांतून माणसे आली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. कारखान्याच्या आधी, ब्रिटिश काळात, हा मुलूख नागपूरहून कारभार चालणाऱ्या मध्य प्रांताचा भाग होता. त्याही आधी 1853 पर्यंत तो नागपूरकर भोसल्यांच्या सत्तेखाली होता.

व्यसनांच्या इतिहासात रुआबांध्याचे नाव कोठे येत नाही, आणि म्हणूनच आपण ते येथे घेत आहोत. तरुण पिढी आणि मादक पदार्थ या विषयावर गेल्या सव्वाशे वर्षांत अनेक चौकश्या आणि सर्वेक्षणे झाली. त्यांचे आकडे वर्तमानपत्रांत, भाषणांत आणि पाठ्यपुस्तकांत येतात. हे आकडे वाचताना आपण एक साधी कसोटी लावणार आहोत. रुआबांध्यासारख्या ठिकाणी राहणारा एक मुलगा आणि एक मुलगी डोळ्यांसमोर आणा. मुलगा आयटीआय करून ठेकेदाराकडे काम शोधतो आहे, मुलगी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. प्रत्येक चौकशीच्या वेळी विचारा : या दोघांसारख्यांना त्या वेळी कोणी प्रश्न विचारला असता का? विचारला असता तर कोणता? आणि त्यांनी खरे उत्तर दिले असते का?

या टिपणाचे म्हणणे थोडक्यात असे आहे : प्रत्येक काळाने आपल्याला ज्याची भीती वाटत होती त्याच पदार्थाबद्दल आणि जे हाताशी होते त्यांनाच प्रश्न विचारले. त्यामुळे संशोधनाचा इतिहास वाचताना उत्तरांइतकेच प्रश्नही तपासावे लागतात.

2. 1893 : गांजा आयोग

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये मद्यपानविरोधी चळवळ जोरात होती. भारतातील सरकार अफू आणि गांजा यांवर कर घेते, म्हणजे जनतेच्या व्यसनावर तिजोरी भरते, असा आक्षेप तेथील संसदेत घेतला गेला. अफूसाठी 1893 साली एक शाही आयोग नेमला गेला. त्याच वर्षी, विल्यम केन या खासदाराच्या प्रश्नानंतर, भांग, गांजा आणि चरस यांच्या चौकशीसाठी भारत सरकारने स्वतंत्र आयोग नेमला. डब्ल्यू. मॅकवर्थ यंग हे त्याचे अध्यक्ष होते. सदस्यांत ए. एच. एल. फ्रेझर हे अधिकारी होते. ते त्या वेळी छत्तीसगड विभागाचे आयुक्त होते. म्हणजे आज ज्या भागात रुआबांधा आहे, त्याच भागाच्या कारभाराचा अनुभव असलेला माणूस आयोगावर होता.

मध्य प्रांताला या चौकशीत महत्त्व होते, कारण निमाडमधील खांडवा परिसर गांजाच्या परवानाधारक लागवडीसाठी प्रसिद्ध होता. मुंबई इलाख्यात ही लागवड मुख्यतः अहमदनगर जिल्ह्यात होई. आयोगाने देशभर फिरून 1193 साक्षीदारांचे म्हणणे नोंदवले. त्यांत सनदी अधिकारी, डॉक्टर, जमीनदार, व्यापारी आणि मिशनरी होते. 1894 साली सात खंडांचा अहवाल तयार झाला.

या अहवालातील एक भाग आजच्या विद्यार्थ्याने आवर्जून अभ्यासावा असा आहे. गांजाने वेड लागते, अशी त्या वेळी सरकारी वर्तुळात पक्की समजूत होती. पुरावा म्हणून वेड्यांच्या इस्पितळांच्या नोंदवह्या दाखवल्या जात. मध्य प्रांतात नागपूर आणि जबलपूर येथे अशी इस्पितळे होती. आयोगाने 1892 साली देशभरातील इस्पितळांत दाखल झालेल्या 1344 रुग्णांच्या नोंदी घेतल्या. त्यांपैकी 222 जणांपुढे वेडाचे कारण म्हणून गांजा-भांग लिहिलेले होते. मग आयोगाने पुढचा प्रश्न विचारला : हे कारण लिहिले कोणी? तेव्हा दिसले की रुग्णाबरोबर येणारा कागद बहुधा पोलिसांकडून भरला जाई. कारणाचा रकाना रिकामा ठेवता येत नसे. माणूस गांजा ओढतो एवढे कळले की तेच कारण म्हणून लिहून टाकले जाई, आणि पुढे इस्पितळाची नोंदवही तेच उतरवून घेई. प्रत्येक नोंदीची फेरतपासणी केल्यावर गांजाशी संबंध मानता येईल अशी प्रकरणे 98 उरली, म्हणजे 1344 पैकी 7.3 टक्के.

आयोगाचा निष्कर्ष असा होता की माफक सेवनाने सहसा मोठा अपाय होत नाही, अतिसेवनाने होतो, आणि पूर्ण बंदी आवश्यक किंवा इष्ट नाही. सोशी शिखरेश्वर राय आणि लाला निहालचंद या दोन भारतीय सदस्यांनी मात्र भिन्नमत नोंदवले. तेव्हा ‘सरकारने गांजाला निर्दोष ठरवले’ असे एका वाक्यात सांगणे बरोबर नाही. सरकारला या व्यापारातून महसूल मिळत होता, हेही विसरता येत नाही. पण नोंदवहीतला रकाना कोणी भरला हे तपासण्याची आयोगाची पद्धत आजही शिकण्यासारखी आहे.

आता कसोटी लावू. मुले या पदार्थांचे सेवन करतात का, असा प्रश्न आयोगाच्या प्रश्नावलीत होता. परंतु तो मुलांना विचारलेला नव्हता. साहेबांना आणि गावातल्या प्रतिष्ठितांना विचारलेला होता. दुर्ग तेव्हा स्वतंत्र जिल्हाही नव्हता, तो 1906 साली झाला. या भागातल्या शेतमजुराच्या मुलाबद्दल कोणी तरी दुसराच बोलणार होता.

3. मधला काळ

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेत डॉ. रामनाथ चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अफू आणि गांजा सेवन करणाऱ्यांचा प्रत्यक्ष अभ्यास केला. रडणाऱ्या बाळाला अफूची बारीक गोळी देऊन झोपवण्याची रीत मुंबईच्या गिरणगावासह अनेक ठिकाणी होती. तिच्याकडेही डॉक्टरांचे लक्ष गेले. 1930 साली घातक औषधांविषयीचा कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर संविधानाच्या कलम 47 मध्ये मादक पेये आणि अपायकारक द्रव्ये यांच्या बंदीचे धोरण राज्याचे कर्तव्य म्हणून लिहिले गेले. 1961 साली संयुक्त राष्ट्रांचा एकच सर्वसमावेशक करार झाला आणि त्यात गांजाचाही समावेश होता. भारतासारख्या देशांना परंपरागत वापर थांबवण्यासाठी 25 वर्षांची मुदत मिळाली. ही मुदत लक्षात ठेवा, तिचा परिणाम पुढे 1985 मध्ये दिसतो.

या सर्व काळात ‘तरुण’ हा वेगळा अभ्यासविषय नव्हता. व्यसनी माणूस म्हणजे प्रौढ, बहुधा गरीब किंवा बैरागी, अशीच कल्पना होती.

4. 1976 : विद्यार्थी प्रश्नावलीपुढे बसतो

1960 च्या दशकाच्या अखेरीस चित्र पालटले. पाश्चात्त्य देशांत विद्यापीठांतील तरुण गांजा आणि एलएसडी घेत असल्याच्या बातम्या येऊ लागल्या, हिप्पी गोव्यात आणि वाराणसीत दिसू लागले. आपला सुशिक्षित मुलगाही या मार्गाला लागेल की काय, ही भीती मध्यमवर्गाला आणि सरकारला वाटू लागली. भारतात तरुणांवरील संशोधन या भीतीतून सुरू झाले.

1976 मध्ये डॉ. सी. गोपालन यांच्या अध्यक्षतेखाली केंद्र सरकारने एक समिती नेमली. तिचा अहवाल 1977 साली आला. याच काळात केंद्रीय समाजकल्याण खात्याच्या पाठबळाने सात शहरांतील विद्यार्थ्यांचा अभ्यास झाला : मुंबई, दिल्ली, हैदराबाद, जबलपूर, जयपूर, मद्रास आणि वाराणसी. या कामात अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे डॉ. दविंदर मोहन यांचे नाव प्रमुख आहे. दहा वर्षांनी, 1986 मध्ये, हाच अभ्यास पुन्हा करण्यात आला.

पद्धत नवी होती. विद्यार्थ्याने नाव न लिहिता वर्गात बसून छापील प्रश्नावली स्वतः भरायची. उत्तर देणारा आणि ज्याच्याविषयी उत्तर आहे तो, असे दोघे येथे एक झाले. निष्कर्षांत एक गोष्ट ठळक होती. वर्तमानपत्रांत चर्चा गांजा आणि एलएसडीची होती, पण प्रश्नावलीत वर आले ते तंबाखू, दारू आणि वेदनाशामक गोळ्या. म्हणजे कायद्याने मिळणाऱ्या आणि घरात दिसणाऱ्या वस्तू.

अशा पाहणीवर एक स्वाभाविक शंका येते : मुले खरे सांगतात कशावरून? यासाठी संशोधक एक युक्ती करतात. पदार्थांच्या यादीत अस्तित्वात नसलेल्या पदार्थाचे नाव घालतात. युरोपमध्ये 1995 पासून दर चार वर्षांनी शाळकरी मुलांची जी पाहणी होते, तिच्यात ‘रेलेविन’ असे एक काल्पनिक नाव होते. जो ‘रेलेविन’ घेतल्याचे सांगतो, तो बढाई मारतो आहे किंवा न वाचताच खुणा करतो आहे, हे कळते. लपवणारा मात्र या सापळ्यात सापडत नाही.

आमच्या दोघांचे काय? भिलाई तेव्हा मध्य प्रदेशात होती आणि जबलपूरही. तेव्हा राज्याचा आवाज या अभ्यासात होता असे वाटेल. पण मोजला गेला तो जबलपूरचा विद्यार्थी. कारखान्याच्या आसपास ठेकेदारीत राबणारा, शाळा सुटलेला तरुण या प्रश्नावलीसमोर बसलाच नाही. वर्गातली पाहणी वर्गात हजर असलेल्यांनाच मोजते. ज्याची शाळा सुटली, कदाचित व्यसनामुळेच सुटली, तो हिशेबाबाहेर राहतो. ‘विद्यार्थ्यांमधील प्रमाण’ आणि ‘तरुणांमधील प्रमाण’ हे दोन वेगळे आकडे आहेत, हे उत्तरपत्रिकेत आवर्जून लिहावे.

5. 1985-86 : कायदा, गर्द आणि मुक्तांगण

1979 नंतर इराण आणि अफगाणिस्तानातील उलथापालथीमुळे अफूच्या व्यापाराचे मार्ग बदलले आणि 1980 च्या दशकाच्या प्रारंभी मुंबईत ब्राऊन शुगर स्वस्तात मिळू लागली. मराठीत तिला ‘गर्द’ हे नाव पडले. सिगारेटच्या चांदीवर ठेवून धूर ओढायचा हा पदार्थ काही दिवसांतच शरीराला बांधून टाकतो आणि तो न मिळाल्यास असह्य वेदना सुरू होतात.

1985 साली संसदेने अमली औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, म्हणजे एनडीपीएस कायदा, केला. तो 14 नोव्हेंबर 1985 पासून अमलात आला. 1961 च्या करारातील मुदत संपत आली होती. या कायद्याने गांजा आणि चरस हेरॉईनबरोबर एकाच चौकटीत आले. नुसत्या पानांची भांग मात्र व्याख्येबाहेर राहिली. 1989 च्या दुरुस्तीने शिक्षा आणखी कडक झाल्या, 2001 च्या दुरुस्तीने त्या पदार्थाच्या प्रमाणाशी जोडल्या गेल्या. सेवन हाही गुन्हा आहे, पण स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनाधीन व्यक्तीला कलम 64-अ खाली खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. विद्यार्थ्यांना पहिला भाग सहसा माहीत असतो, दुसरा नसतो. मदत मागायला न जाण्याचे हे एक मोठे कारण ठरते.

याच सुमारास पत्रकार-लेखक अनिल अवचट यांनी गर्दच्या विळख्यात सापडलेल्या तरुणांना भेटून लिहिले. ते ‘गर्द’ या नावाने पुस्तकरूपात आले. त्यांच्या पत्नी डॉ. अनिता (सुनंदा) अवचट पुण्याच्या येरवडा मनोरुग्णालयात काम करत. पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या आर्थिक साहाय्याने 29 ऑगस्ट 1986 रोजी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. संशोधनाच्या इतिहासात याचे स्थान असे की येथे व्यसनी तरुण हा आकडा म्हणून समोर आला नाही, आपली हकिकत सांगणारा माणूस म्हणून आला. बरे झालेले रुग्ण पुढे इतरांना मदत करू लागले. ‘तू का घेतलेस?’ या प्रश्नाची उत्तरे मित्राचा आग्रह, कुतूहल, बेकारी, घरातला ताण अशी येत. पदार्थाच्या रसायनाइतकीच त्याभोवतालची माणसे महत्त्वाची आहेत, हे या हकिकतींतून दिसले.

छत्तीसगडला लागून असलेल्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 साली ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. तेथे प्रश्न गर्दचा नव्हता, दारूचा होता, आणि तो गावांतल्या लोकांनी, विशेषतः स्त्रियांनी, पुढे आणला. या चळवळीनंतर 1993 पासून जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. पुढे 2016 पासून ‘मुक्तिपथ’ या उपक्रमात दारू आणि तंबाखू हे दोन्ही विषय एकत्र घेतले गेले. कोणाला विचारले यावर व्यसनाचे नाव कसे बदलते, हे मुंबई आणि गडचिरोली शेजारी ठेवून पाहावे.

6. शिकवायचे कसे? भीती, माहिती आणि संवाद

आता व्यसनविरोधी शिक्षणाकडे वळू. शाळेत भरणारे प्रदर्शन तुम्ही पाहिले असेल : काळे पडलेले फुप्फुस, कवटी, फासाचा दोर. या पद्धतीमागे एक गृहीतक आहे की भीती वाटली म्हणजे माणूस दूर राहतो. दुसरी पद्धत शास्त्रीय माहिती देण्याची. तिच्यामागचे गृहीतक असे की ज्ञान वाढले की दृष्टिकोन बदलतो, आणि दृष्टिकोन बदलला की वागणूक बदलते.

नेदरलँड्समधील रॉटरडॅम शहरात डी हाआस आणि श्कूरमान या संशोधकांनी ही गृहीतके तपासली. शाळकरी मुलांचे गट केले. एका गटाला भीती घालणारे कार्यक्रम दिले, दुसऱ्याला कोरडी माहिती, तिसऱ्या गटात पदार्थांवर भर न देता शिक्षकांनी मुलांशी त्यांच्या स्वतःच्या अडचणींविषयी चर्चा केली, आणि एका गटाला काहीच दिले नाही. 1975 साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष अस्वस्थ करणारे होते. भीती आणि माहिती या दोन्ही गटांत पदार्थ चाखून पाहणाऱ्यांचे प्रमाण काहीच न शिकवलेल्या गटापेक्षा अधिक वाढले. चर्चेच्या गटात ते कमी राहिले. अमेरिकेत 1973 सालीच राष्ट्रीय आयोगाने नवे व्यसनविरोधी अभ्यासक्रम काही काळ थांबवावेत अशी शिफारस केली होती. तरीही 1983 मध्ये लॉस एंजेलिसला पोलिसांनी शाळेत जाऊन शिकवण्याचा ‘डेअर’ हा कार्यक्रम सुरू झाला आणि देशभर पसरला. 1994 मध्ये त्याच्या अनेक मूल्यमापनांचा एकत्रित आढावा घेतला गेला. मुलांचे ज्ञान वाढलेले दिसले, प्रत्यक्ष सेवनावर परिणाम मात्र फार थोडा होता.

हे परदेशातले झाले, आपल्याकडचे काय? दिल्ली आणि चेन्नई येथील 32 शाळांत ‘मैत्री’ हा प्रकल्प राबवण्यात आला. 2004 सालच्या प्राथमिक पाहणीत आठवीपेक्षा सहावीच्या मुलांत तंबाखूचा वापर जास्त आढळला. तंबाखू कंपन्या आणि चित्रपट यांची भुरळ घालण्याचे वय खाली सरकले होते. मग निम्म्या शाळांत दोन वर्षे कार्यक्रम झाला. वर्गातले उपक्रम मुलांमधून निवडलेल्या साथीदारांनी चालवले, भित्तिपत्रके लावली गेली, पालकांना घरी पत्रे गेली. ‘सगळेच खातात’ हा समज खोटा आहे हे मुलांनी स्वतः शोधले, नकार कसा द्यायचा याचा सराव केला. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार कार्यक्रम नसलेल्या शाळांत तंबाखूचा वापर 68 टक्क्यांनी वाढला, कार्यक्रम झालेल्या शाळांत तो 17 टक्क्यांनी घटला.

यावरून माहिती निरुपयोगी ठरत नाही. कायदा काय सांगतो, कोणती गोळी शरीरात काय करते, मदत कोठे मिळते, हे कळलेच पाहिजे. पण नुसत्या माहितीवर थांबून चालत नाही. 2020 मध्ये सुरू झालेल्या शालेय आरोग्य कार्यक्रमात अकरा विषयांपैकी एक मादक पदार्थांचा आहे आणि तो शाळेतल्याच प्रशिक्षित शिक्षकांनी शिकवावा अशी योजना आहे. वर्गात संवाद होतो की पुन्हा कवटीचे चित्र लागते, हे त्या शिक्षकावर आणि काही अंशी तुमच्यावर अवलंबून आहे.

7. देशव्यापी सर्वेक्षणे : कोण मोजले गेले?

छत्तीसगड राज्य 1 नोव्हेंबर 2000 रोजी झाले. त्यानंतर लवकरच देशातले पहिले मोठे घरोघरचे सर्वेक्षण झाले. त्याचा अहवाल 2004 साली आला. त्यात 40,697 व्यक्ती होत्या, आणि त्या सर्व 12 ते 60 वयोगटातील पुरुष होत्या. दारूचे प्रमाण 21.4 टक्के, गांजा वगैरेचे 3 टक्के आले. ‘भारतात 21 टक्के लोक दारू पितात’ असे वाक्य या अहवालाच्या आधारे लिहिले तर ते चूक ठरेल, कारण स्त्रियांना विचारलेलेच नव्हते. शहरांतील जलद पाहणीसाठी जी 14 ठिकाणे निवडली, त्यांत जमशेदपूर हे पोलादनगर होते, भिलाई नव्हती. म्हणजे आमच्या मुलाला संधी होती, मुलीला अजिबात नव्हती.

2013 मध्ये राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगासाठी एक अभ्यास झाला. त्यात व्यसन असलेल्या 4024 मुलांशी बोलण्यात आले. रस्त्यावर राहणारी मुलेही त्यांत होती. 83.2 टक्के मुले तंबाखू, 67.7 टक्के दारू आणि 34.7 टक्के सोल्युशन किंवा व्हाइटनरसारखे हुंगण्याचे पदार्थ घेत होती. येथे सावध राहा. हे प्रमाण व्यसन असलेल्या मुलांमधील आहे, देशातल्या सर्व मुलांमधील नाही. मथळ्यात हा फरक सहज हरवतो.

2019 साली प्रसिद्ध झालेले सर्वेक्षण आजवरचे सर्वांत मोठे आहे. दोन लाखांहून अधिक घरे, 4,73,569 व्यक्ती, वय 10 ते 75, स्त्री-पुरुष दोन्ही. कायद्याच्या भीतीने घरी कोणी हेरॉईनबद्दल सांगत नाही, म्हणून 135 जिल्ह्यांत व्यसनी व्यक्तींच्या ओळखीतून पुढच्या व्यक्तीपर्यंत पोहोचण्याची पद्धतही वापरली गेली. देशात दारूचे प्रमाण 14.6 टक्के आले. राज्यांमध्ये छत्तीसगड 35.6 टक्क्यांसह सर्वांत वर होते. गांजाच्या वापरातही ते सरासरीपेक्षा वरच्या राज्यांत होते. हुंगण्याच्या पदार्थांचे प्रमाण मात्र प्रौढांपेक्षा मुलांमध्ये जास्त होते. दारूच्या आहारी गेलेल्या 38 जणांपैकी फक्त एकाला काही ना काही मदत मिळाली होती. आमची दोन्ही मुले प्रथमच या जाळ्यात आली.

8. गुडाखूचा धडा

तरीही एक अडचण उरते. छत्तीसगडमध्ये गुडाखू सर्वत्र मिळते. तंबाखू आणि गुळाची मळी मिसळून केलेली ही काळपट लगदी छोट्या डबीत येते आणि सकाळी बोटाने दातांवर चोळली जाते. महाराष्ट्रात जी जागा मिश्रीची, ती येथे गुडाखूची. आजी लावते, आई लावते, आणि मुलगीही लावू लागते. तिला विचारा, ‘तू तंबाखू खातेस का?’ ती ‘नाही’ म्हणेल आणि खोटेही बोलत नसेल, कारण तिच्या दृष्टीने ते दात घासणे आहे. तिला विचारा, ‘सकाळी दात कशाने घासतेस?’ म्हणजे उत्तर मिळेल.

म्हणूनच प्रौढांच्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात मिश्री, गुल, गुडाखू अशी स्थानिक नावे घेऊन प्रश्न विचारले जातात. 2016-17 च्या या सर्वेक्षणात 15 वर्षांवरील व्यक्तींमध्ये तंबाखूचे प्रमाण छत्तीसगडमध्ये 39.1 टक्के, महाराष्ट्रात 26.6 टक्के आणि देशात 28.6 टक्के होते. 1893 च्या नोंदवहीत नको तेथे गांजा लिहिला गेला. आज प्रश्नाची भाषा चुकली तर असलेला तंबाखू लिहिलाच जाणार नाही. दोन्ही चुका एकाच जातीच्या आहेत.

दृष्टिकोनाचा अभ्यास याच ठिकाणी उपयोगी पडतो. घरात वाईट न मानलेली वस्तू मुलाला वाईट वाटत नाही. ‘ड्रग्ज’ म्हणजे चित्रपटातली पांढरी भुकटी, असे शिकलेला मुलगा घरातली दारूची बाटली, गुडाखूची डबी आणि झोपेच्या गोळ्यांची पट्टी यांना त्या यादीत धरत नाही. व्यसनविरोधी शिक्षणाने सुरुवात तेथून करायला हवी.

9. तुम्ही स्वतः पाहणी करणार असाल तर

अनेक महाविद्यालयांत या विषयावर प्रकल्प दिला जातो. काही गोष्टी पाळा. नाव, हजेरी क्रमांक किंवा पत्ता मागू नका. अठरा वर्षांखालील मुलांना विचारण्यापूर्वी पालक आणि शाळा यांची परवानगी घ्या. पदार्थ कोठून मिळतो, कोण विकतो, हे विचारू नका. सेवन हा गुन्हा असल्याने तुमची प्रश्नावली कोणाच्या विरुद्ध पुरावा होता कामा नये. पदार्थांची नावे तुमच्या वस्तीत जी चालतात तीच वापरा. ‘कधी तरी’, ‘गेल्या वर्षभरात’ आणि ‘गेल्या महिन्यात’ हे तीन प्रश्न वेगळे ठेवा, कारण एकदा चाखणारा आणि रोज घेणारा यांना एका रकान्यात घालणे अन्यायाचे आहे. वर्गाबाहेरच्यांपर्यंत तुम्ही पोहोचला नसाल तर अहवालात तसे लिहा. आणि कोणी मदत मागितली तर उपदेश न करता राष्ट्रीय व्यसनमुक्ती मदतवाणीचा 14446 हा क्रमांक द्या.

10. सारांश

1893 मध्ये अधिकाऱ्यांना गांजाबद्दल विचारले गेले, 1976 मध्ये विद्यार्थ्यांना प्रश्नावली दिली गेली, 1986 च्या सुमारास व्यसनी तरुणांची हकिकत ऐकली गेली, 2000 नंतर आधी पुरुष आणि मग सर्वजण मोजले गेले. वर्तुळ हळूहळू रुंदावले. या वाटचालीत दोन निष्कर्ष पुन्हा पुन्हा आले. सर्वांत जास्त वापर घरात आणि बाजारात उघड मिळणाऱ्या पदार्थांचा असतो, आणि भीती दाखवून दिलेले शिक्षण फारसे टिकत नाही. रुआबांध्यातील त्या दोघांचे उत्तर मिळवायचे असेल तर त्यांना त्यांच्या भाषेत विचारावे लागेल, आणि खरे सांगितल्याबद्दल शिक्षा होणार नाही याची त्यांना खात्री द्यावी लागेल.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

1. गांजा आयोगाने इस्पितळांच्या नोंदी कशा तपासल्या? त्या पद्धतीचे महत्त्व स्पष्ट करा.
2. वर्गात भरून घेतलेल्या प्रश्नावलीच्या मर्यादा 1976 च्या अभ्यासाच्या आधारे लिहा.
3. रॉटरडॅम आणि ‘मैत्री’ या दोन अभ्यासांची तुलना करा.
4. तुमच्या गावात किंवा वस्तीत ‘व्यसन’ न मानली जाणारी एखादी वस्तू निवडा. तिच्याविषयी विचारायचे पाच प्रश्न तयार करा.